मावशीनं अटी वाचल्या

कोणतीही सुव्यवस्था दारापासून सुरू होते. आमच्या शहरात दारं स्वतः विचार करतात, त्यामुळे माणसांवरचा तो भार बराच हलका झाला आहे. बाहेर पडताना दार आपल्या अटी दाखवतं, खाली 'मान्य' असं हिरवं बटण असतं, ते दाबलं की दार उघडतं. नळ, लिफ्ट, दवाखाना, सगळीकडे हेच. गेल्या वर्षी शहरानं नव्वद कोटी वेळा संमती दिली. अटी वाचायला सरासरी अर्धा सेकंद लागतो. (त्यातलाही बराचसा बोट बटणापर्यंत नेण्यात जातो.)

मी संमती विभागात उपअधीक्षक आहे. पुढचा प्रकार नेमका आमच्याच घरात घडावा, याचा मनस्ताप आपण समजू शकाल.

माझी मावशी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होती. वय एकाहत्तर. ती आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मी आणि आई सहाव्यावर. आईची नजर गेली आहे, म्हणून मावशी रोज दहाला वर येऊन तिला पेपर वाचून दाखवते. (भिंत बातम्या आपणहून बोलते. पण निधनवार्ता आणि शाम्पू ती एकाच आवाजात वाचते, अशी आईची तक्रार आहे. तक्रार नोंदवलेली आहे.)

एका सोमवारी दारांच्या अटींची नवी आवृत्ती आली. सहाशे बारा पानं. शहरानं ती साडेनऊपर्यंत मान्य केली. मावशीनं चष्मा पुसला आणि पान एक काढलं.

दहा वाजले, ती आली नाही. मंगळवारीही नाही. आईनं जेवण सोडलं नाही, बोलणं सोडलं. बुधवारी दुपारी साहेबांनी मला बोलावून सांगितलं की एका दाराला बावन्न तास उत्तर मिळालेलं नाही, टेहळणीचे तीन ड्रोन एकाच खिडकीशी खोळंबलेत, आणि विचारलं की ती बाई माझी कोण लागते.

मी दाराच्या जाळीतून म्हटलं, "मावशी, दाब ना गं. सगळेच दाबतात."

"तीनशे नव्वदाव्या पानावर आहे. 'निर्बंधा'ला दुसरी वेलांटी दिलीये. अकरा ठिकाणी."

"आई वाट बघतेय."

"तिच्यासाठीच वाचतेय. पुढच्या महिन्यापासून दुसऱ्याच्या घरी जायचं तर दाराला कारण सांगायचं. कारणांची यादी दिलीये. बहिणीला पेपर वाचून दाखवणं त्यात नाही. तू बघितली होतीस यादी?"

यादीखाली माझी सही होती. (सहीपूर्वी वाचावं असा नियम आमच्याकडे नाही.)

गुरुवारी सकाळी ती पान पाचशे चारच्या तळटिपेपाशी पोचली. 'ज्यास या अटी अमान्य असतील त्याने तसे स्पष्ट उच्चारावे. त्यास त्या लागू राहणार नाहीत.' कुणा कारकुनानं जुन्या कागदावरून उतरवली असावी. मावशीनं चपला घातल्या आणि दाराला सांगितलं, "अमान्य."

बंद राहणं हीसुद्धा अटच असल्यामुळे दार उघडलं. मग लिफ्ट उघडली. मग आमचं दार. तिनं आईला चार दिवसांचे पेपर सलग वाचून दाखवले, आणि तिसऱ्या पेपराच्या सुमारास आई कशाला तरी हसली.

चौकशी समितीच्या सतरा बैठका झाल्या. निष्कर्ष असा: 'सदर महिलेने वाचन या अनधिकृत मार्गाने यंत्रणेत प्रवेश केला.' तिला शहरातली पहिली हॅकर ठरवण्यात आलं. चौकाचौकातल्या पडद्यांवर तिचा चष्म्यासकट वीस फुटी फोटो झळकला. तरुणांनी तिच्या चेहऱ्याचे टी-शर्ट मागवले. मागवताना अटी होत्या, त्या मान्य केल्या. तिला दोनदा अटक झाली. (कोठडीलाही दार असतं.) शेवटी तिचा मनगटपट्टा रद्द केला, म्हणजे तिला आता कुठलंही दुकान काही विकत नाही. तिचं सामान मी आणतो. कागदोपत्री आई फार जेवते.

एकदा संध्याकाळी तिची पिशवी घेऊन मी इमारतीच्या दाराशी उभा होतो. तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. पण मागे रांग होती, पिशवी जड होती. मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी ती तळटीप काढून टाकण्याचा प्रस्ताव मी पाठवला. साहेबांनी तो फेटाळला आणि उलट ती ठळक अक्षरांत प्रत्येक दारावर, बटणाच्या वरच लावायला सांगितली. त्याला अकरा महिने झाले. 'अमान्य' म्हणणाऱ्यांची संख्या एक आहे. ती दुसऱ्या मजल्यावर राहते.

हा वृत्तांत छापायची परवानगी मागायला गेलो, तेव्हा वाटलं होतं, साहेब घाबरतील.

"छाप," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला तुझी मावशी आवडेल. आपणही आतून तसेच आहोत, असं त्याला वाटेल. असं वाटलेला माणूस बटण जास्त समाधानानं दाबतो."