आजेचीर हिरवंच होतं

लातूरच्या गोलाईत कापडाचं दुकान असलेले मन्मथप्पा समोर दिसेल त्याला आधी "शरणार्थ" म्हणायचे आणि मग तो कोण आहे याचा तपास लावायचे. दुष्काळाचं साल होतं. टँकरच्या रांगेत पिंपं लावून लोक घरी जायचे, आणि आमच्या गल्लीतल्या पाटलांनी आपलं पिंप ओळखू यावं म्हणून त्याला जुना फेटा गुंडाळला होता. आप्पांनी त्या पिंपाला हात जोडले. "शरणार्थ पाटील, टँकर कवा येणार?" थोडा वेळ वाट पाहिली आणि माझ्याकडे वळले. "बघा बाई. जिल्हा झाला तसे पाटील बोलंनातच."

जिल्हा नवाच होता. उस्मानाबादेतून तोडून लातूर वेगळं केलं, पटापट कार्यालयं निघाली, आणि त्यातल्या एकात कारकून म्हणून नांदेडहून माझी बदली झाली. आप्पांच्या दुकानावरच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. घरमालक म्हणून माणूस उत्तम. फक्त त्यांना दिसत नव्हतं, आणि दिसत नाही असं म्हणायचं नव्हतं.

दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू इतका पिकला होता की मला तो जिन्यावरून दिसायचा. पण दोष सगळा नव्या जिल्ह्याचा. दिव्याभोवती कडं दिसलं की, "ह्या जिल्ह्याची लाईटच पिवळी हाय." वर्तमानपत्र वाचता येईना की, "आताशा शाईच कमी वापरत्यात." पायरी चुकली की, "समदं खोदून ठिवलंय." शेवटी एक उसासा आणि ठरलेलं पालुपद: "उस्मानाबादेत होतो तवा लख्ख दिसायचं!" प्रत्यक्षात त्यांनी आयुष्यात उस्मानाबादेत मुक्काम केला नव्हता.

"आप्पा, सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढतात. चला उद्या."

"कामून? मला काय झालंय?"

"काल पिंपाशी बोललात."

"पाटील हायेतच पिंपासारखे."

दुकान ते बोटांनी चालवायचे. कापडावरून अंगठा फिरवला की सूत कुठलं, काठ कुठला, सगळं सांगायचे. रंग मात्र फळीवरून. वरच्या फळीला लाल, मधल्या फळीला हिरवी, खालच्या फळीला पिवळी. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय नजर आहे म्हाताऱ्याची! त्या उन्हाळ्यात झाडलोट करणाऱ्या बाईने संक्रांतीची उरलेली काळी लुगडी उचलून मधल्या फळीवर ठेवली, आणि सगळं तिथेच फसलं.

सोपानराव म्हणून एक जुनं गिऱ्हाईक. मुलाच्या लग्नाचा बस्ता त्यांनी आप्पांकडेच बांधला. नवरीचा शालू त्यांनी पारखून घेतला, पण मानाची लुगडी आप्पांवर सोडली. त्यातच नवरीच्या आजीला द्यायचं आजेचीर होतं. "गर्द हिरवं देतो," असं म्हणून आप्पांनी ते स्वतः काढून पुड्यात बांधलं.

आठवडाभराने सोपानराव दुकानात आले ते ओरडतच. "आप्पा, सोयरीक मोडायची येळ आणली तुम्ही! मानाचं लुगडं पाठवलं, सोडून बघतात तर काळं! म्हातारीचा मालक जिता हाय, आन् आम्ही तिला काळं नेसवतो? मुद्दाम पाणउतारा केला म्हणून नवरीचा बाप पेटलाय. आन् म्हातारी म्हणून राहिली, हिरवंच हाय. नेसून बसलीय!"

आप्पांनी टोपी कपाळावर ओढली. "ती झाडलोट करणारी बाई..." एवढं म्हणाले आणि थांबले. उठून मधल्या फळीवर हात फिरवत राहिले. मग एक लुगडं काढून माझ्यासमोर धरलं. मान खाली.

"बाई, हे हिरवं हाय का?"

त्यांनी कुणाला रंग विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "हिरवं आहे," मी म्हटलं.

"मंग चला माझ्यासंगं."

नवरीचं गाव चाकूरच्या पुढे. सोपानरावही बरोबर होते. एस.टी.त आप्पा सबंध वाट खिडकीकडे तोंड करून बसले. काय दिसणार होतं त्यांना!

ओसरीवर आजी काळं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, ताठ बसली होती. आम्हाला पाहताच तिच्या सुनेने तोंड सोडलं. "आता दुकानदारालाच इचारा, कंचा रंग हाय त्यो!"

"इचार की," आजी म्हणाली. "हिरवं हाय. रानातल्या ज्वारीवानी हाय."

"रानात ज्वारी हाय कुठं औंदा?" सून फणकारली.

कुणी हसलं नाही. नवरीचा बाप खांबाला टेकून आप्पांकडे बघत होता. सोपानराव घाम पुसत होते.

"काळं हाय, आजी," आप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक की बापाला पुढे यावं लागलं. "ह्यांनी हिरवंच मागितलं होतं. चूक माझी हाय. मला रंग कळंनात. रंग काय, माणूस बी कळंना. लई दिस झालं, मला दिसंनाच."

नवरीच्या बापाने मान वळवली. ज्याच्याशी भांडायचं तोच असा निघाल्यावर भांडणार कुणाशी? थोड्या वेळाने त्याने सोपानरावांना चहाला आत बोलावलं. सूनही चुलीकडे गेली. आप्पांनी चाचपडत नवं लुगडं आजीच्या मांडीवर ठेवलं. ती त्यावरून हात फिरवत राहिली, मग आत कानोसा घेऊन पुढे झुकली.

"मलाबी दिसंना," ती कुजबुजली. "हळू बोला. सुनंला कळलं तर चुलीपुढून उठवंल मला. म्हनंल, बसा कोपऱ्यात."

आप्पा तिच्या शेजारी ओसरीवर टेकले.

"दवाखान्यात डोळा बाहीर काढून ठिवत्यात म्हनं. खरं हाय का?"

मी तोंड उघडलं, तर आप्पांनी हात आडवा केला. "कुणाला ठावं, आजी? त्याच भ्यानं तर मीबी बसून हाय." मग जरा विचार करून म्हणाले, "असं करू. आधी मी जाऊन येतो. दुखलं तर सांगतो, न्हाई दुखलं तरी सांगतो."

"निरोप नगं. सवता या."

"सवता येतो."

"तवर कुणाला बोलू नगा," आजी म्हणाली. "तुमच्या घरात बी."

"घरात?" आप्पांनी टोपी सरळ केली. "घरात कुणाला बोलू, आजी? तिथं हाय कोण?"