पाकोळ्यांचा पहारेकरी

चुलीच्या धुराड्याचा पत्र्याचा नळ थोडे दिवस काढून घ्यायचा, एवढंच अ‍ॅटलीने ठरवलं होतं. नळ त्याच्याच घरचा होता. बाहेरच्या स्वयंपाकघरातली ती चूल फक्त मोठ्या स्वयंपाकालाच पेटायची. मोठा स्वयंपाक दुसऱ्याच दिवशी होता, हे मात्र त्याच्या डोक्यातून साफ गेलं. (डोक्यात जागाच नव्हती. तिथे धामण बसली होती.)

पाखरांनी घरटी करावीत म्हणून मागच्या अंगणातल्या उंच खांबावर भोपळ्याचे वाळलेले, पोकळ तुंबे टांगून त्याला कित्येक उन्हाळे झाले होते. गावातल्या सगळ्यांकडे जांभळ्या पाकोळ्या यायच्या. अ‍ॅटलीच्या तुंब्यांची चौकशी करून चिमण्यासुद्धा परत जायच्या. यंदा मात्र एक जोडपं आलं आणि चक्क राहिलं. आता तुंब्यात पिल्लं होती. नर उन्हात वळला की त्याच्या काळ्या पाठीवरून अशी जांभळी झाक सरकायची, की अ‍ॅटली हातातली बादली विसरून उभा राहायचा. अशा पाखरांनी आपलं अंगण निवडलं, यात त्यांची काहीतरी चूक झाली असावी, अशी त्याला सारखी धास्ती वाटे.

त्यात शनिवारी कानावर आलं, की शेजाऱ्याच्या खांबावर धामण चढली आणि तुंबे रिकामे करून गेली. अ‍ॅटलीने नळ उपसला, उभा चिरून खांबाभोवती गुंडाळला आणि हाताला लागतील तेवढे खिळे ठोकले. गुळगुळीत पत्र्यावर धामणीला पकड कुठून मिळणार?

त्यांच्या पंथात चर्चची इमारत नसे, प्रार्थना आळीपाळीने एकेकाच्या घरी व्हायची. या रविवारची अ‍ॅटलीच्याच कोठारात होती. आख्खी मंडळी बाकांवर बसलेली. बिशप एनॉस नरकाबद्दल बोलत होते, तेवढ्यात अगदी वेळेवर धूर आला. सगळ्यांसाठी घेवड्याचं सूप करायला अ‍ॅटलीच्या बायकोने, सविलाने, चूल पेटवली होती.

प्रार्थना संपल्यावर ती डोळे पुसत आली. "अ‍ॅटली, चुलीचा नळ कुठाय?"

"खांबाला."

"कधी परत येणार?"

"पिल्लं उडाली की."

सविलाने मान वर केली. मादी चोचीत चतुर घेऊन आली होती, आणि तुंब्याच्या तोंडाशी चार पिवळ्या चोची एकदम उघडल्या. सविला जरा वेळ पाहत राहिली. "बरं," ती म्हणाली, आणि सुपाचं पातेलं उचलून बाहेर दगडांच्या चुलीवर ठेवलं. (अ‍ॅटलीने आपल्या बचावाचं भाषण तयार ठेवलं होतं. ते वाया गेलं.)

जेवताना पुरुषमंडळी खांबाभोवतीच बसली. बिशप कौतुकाने पत्रा न्याहाळत होते. "काम पक्कं केलंस, अ‍ॅटली. खालून काही वर जायचं नाही."

"मुंगीसुद्धा नाही, बिशप."

"मग ती वरची कशी गेली?"

एका रिकाम्या तुंब्यातून काळं डोकं बाहेर आलं होतं. धामणबाई पत्रा ठोकण्याआधीच वर जाऊन निजल्या होत्या. आता भूक लागली असावी. पिल्लांचा तुंबा शेजारचा सोडून पुढचा. पाकोळ्या ओरडत घिरट्या घालू लागल्या.

"दोरी सोड, तुंबे खाली घे," बिशप म्हणाले.

अ‍ॅटलीने पत्र्याकडे बोट दाखवलं. "दोरीची गाठ पत्र्याच्या आत राहिलीय."

"मग पत्रा काढ."

"आज रविवार, बिशप. काम कसं करायचं?"

सगळे बिशपांकडे बघू लागले. बिशपांनी दाढी कुरवाळली. "खिळे ठोकणं हे काम. उपटणं म्हणजे... किती ठोकलेस?"

"पुष्कळ."

"मग तेही कामच."

एवढ्यात सविलाने प्रार्थनेचे बाक आणणारी गाडी दोघातिघांकडून खांबाखाली ढकलून घेतली होती. हातात गवत उचलायचा लांब दांड्याचा काटा घेऊन ती वर चढली. पाकोळ्या तिच्या टोपीला घासून जात होत्या. तिने पापणी लवू दिली नाही. तिने काटा धामणीच्या पोटाखाली अलगद सरकवला. "चल बाई," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात फार वेळ बसू नये." धामण काट्याभोवती वेटोळी झाली आणि निमूट खाली आली. सविलाने तिला तशीच मक्याच्या कणगीकडे नेली. तिथे उंदरांनी उच्छाद मांडला होता.

"हे काही काम नव्हे," बिशपांनी निकाल दिला. "पाहुणीला पोचवणं आहे."

अ‍ॅटली टक लावून बायकोकडे पाहत होता. वर पाकोळ्या होत्या, तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

पिल्लं चारही सुखरूप राहिली. पण सोमवारपासून अ‍ॅटलीने अंगणात पाऊल टाकलं, की दोन्ही पाकोळ्या त्याच्या टोपीवर झेपावायच्या. सविला खांबाखाली खुशाल धुणं वाळत घालायची. तिला काही नाही.

"मलाच का?" त्याने विचारलं. "धामण काय मी वर पाठवली?"

"दणादण ठोकताना त्यांनी तुलाच पाहिलंय. त्यांच्या लेखी धामण तूच. तू पुढच्या दाराने ये-जा कर."

"आणि तो पत्रा? काढून देऊ तुझ्या चुलीला?"

सविलाने एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"राहू दे," ती म्हणाली. "तुला तरी वर चढता येणार नाही."