उत्तमराव मोरवाले

बाळ जन्मलं की तुम्ही आधी कोणाकडे पाहता? बाळाकडे, की संशयाने त्याच्या आईकडे?

आमच्या डोणगावचे उत्तमराव हा प्रश्न भर बारशात विचारतात, तोही आमंत्रण नसताना. हातात पांढरं मोरपीस आणि बटणांचा डबा. पाळणा म्हणणाऱ्या बायांना थांबवून म्हणतात, "दोन मिनिटं. मोराचं सांगतो." वाढपी कपाळाला हात लावतात. "आला मोरवाला. जिलेबी थंडी होते आता."

उत्तमरावांची शेती मोठी. पेरलेला हरभरा मोर वेचतात आणि हे बांधावर बसून त्यांचे रंग पाहतात. पांढरा मोर आजारी नसतो आणि देवाचाही नसतो, हे ते स्टॉपवर माणूस धरून सांगतात. त्या नादात त्याची लोणारची गाडी निघून जाते.

परवा शेजारच्या सुषमाच्या मुलीचं बारसं होतं. मुलीचे केस, पापण्या, सगळं कापसासारखं. जो तो विचारी, कोणावर गेली? सासू गयाबाईंनी सुनेची पेटी भरून दाराशी ठेवली होती. "आमच्या खानदानात असं कोणी नाही. जाय आपल्या मायकडे." मुलीचा बाप भिंतीकडे पाहत होता. याच ओट्यावर त्याने आणि मी मिळून समतेच्या पत्रकांच्या घड्या घातल्या होत्या.

तेवढ्यात उत्तमराव आत आले. त्यांनी दोन वाट्या मागितल्या, प्रत्येकीत एक निळं आणि एक पांढरं बटण टाकलं.

"ही वाटी मोराची, ही लांडोरीची. निळं म्हंजे नेहमीचा रंग; त्याच्यापुढं पांढरं दिसत नाही, म्हणून दोघंबी नेहमीसारखेच दिसतात. पिल्लू दोघांकडून एकएक घेते. काढा वयनी, डोळे मिटून."

"बारसं पोरीचं हाय का मोराचं?" गयाबाई पुटपुटल्या, पण त्यांनी काढलं. एक निळं, एक पांढरं. पुन्हा काढलं, दोन्ही निळी. "झाला का खेळ?"

"अजून एकदा."

या वेळी दोन्ही पांढरी निघाली.

"हे पा पांढरं पिल्लू. लांडोर कुठंच गेली नव्हती. मोराचं पांढरेपण येगळं, माणसाचं येगळं, पण लपून यायची रीत एकच."

गयाबाई तळहाताकडे पाहत राहिल्या. "म्हंजे एक माह्या पोराकडून?"

"हाव. त्याच्याकडून आल्याबिगर अशी होतच नाही."

मुलीचा बाप उठला आणि त्याने तिला उचलून घेतलं. गयाबाईंनी पायाने पेटी आत सरकवली.

परतताना मी विचारलं, "काका, डबा कोणाचा?"

"तुह्या काकूचा. शिलाई करे ते."

काकूंना मी कधी पाहिलेलं नाही. उत्तमराव एकटेच राहतात.

"आमची पोरगी बी अशीच होती. बारशाच्याच दिवशी माह्या मायनं दोघींले गाडीत बसवलं. मी गप्प. मले तवा मोराचं माहीत नव्हतं बे." मग डब्याचं झाकण दाबत म्हणाले, "पण बायको तर माहीत होती."

दोघी परत आल्या नाहीत.

उत्तमराव प्रत्येक गावी पोहोचू शकत नाहीत. म्हणून तुम्हाला विनंती आहे. पुढच्या बारशात "कोणावर गेली?" असं विचारताना कुणाची नजर आईवर अडकली, तर तुम्ही गप्प बसू नका.