पाण्याची तब्येत

बाळकाका रोज सकाळी उठून तब्येत बघतात ती स्वतःची नव्हे, पाण्याची. डोक्याला माकडटोपी, अंगात दोन स्वेटर आणि हातात दोरीला बांधलेला थर्मामीटर. रत्नागिरीतल्या त्यांच्या बंगल्यामागे स्विमिंग पूल आहे. थर्मामीटर बुडवतात, नाकाजवळ धरून वाचतात आणि मला सांगतात, "रात्र बरी गेली हो."

सगळा जन्म जहाजाच्या इंजिनाशी गेला, पण काकांना पोहता येत नाही. एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "पोहायची वेळ येऊ द्यायची नाही, हेच माझं काम होतं."

थंडीत पुलात कोणी उतरत नाही. तरी पंप चालवायचा, जाळीनं पानं काढायची, औषध घालायचं, भिंती घासायच्या. नाहीतर आठवड्यात शेवाळ. ते काम माझं. मी दुष्काळी जतकडचा, सातवीत शाळा सुटलेला. काकांनी कामाला ठेवलं, हे उपकार विसरणार नाही. पण मुंबईहून त्यांच्या मुलाचा फोन आला की मी हातातलं काम थांबवून ऐकत राहतो. काकांचा फोन कायम स्पीकरवर.

"बाबा, पूल झाकून टाका. त्या माणसाला मार्चात बोलवा."

"पाणी आजारी पडेल," काका म्हणतात.

फिल्टर धुताना बरंच पाणी वाया जातं. टँकरमागं हंडे घेऊन धावलेला माणूस मी; मला ते बघवेना. दिवाळीनंतर मी पाइप पुलाशेजारच्या हापूसच्या कलमाला लावला. पुण्य केल्यासारखं वाटायचं.

डिसेंबरात शेजारची कलमं मोहरली. आमच्या कलमाला मात्र तांबूस, कोवळी पालवी फुटली. झाड खूष झालं म्हणून मी काकांना हौसेनं दाखवायला नेलं. त्यांनी पालवी बघितली, बुंध्याची ओली माती बघितली, मग मला बघितलं.

"पाणी घातलंस?"

"न चुकता, काका."

"मेल्या, मोहर येईपर्यंत हापूस तहानेला ठेवायचा असतो. तू पाजलंस, तो बसला पानं काढत. यंदा यावर आंबा नाही."

याच कलमाची पेटी दरवर्षी मुलाकडे जाते, हे मला माहीत होतं. मी पिशवीत कपडे भरले.

संध्याकाळी फोन आला. "बाबा, आपलं कलम मोहरलं का?"

"यंदा नाही. झाडाची लहर," काका म्हणाले.

"आणि तो माणूस गेला?"

"नाही. त्याला अजून बरंच शिकवायचं राहिलंय."

फोन ठेवून काकांनी ओटीवरची एक खुर्ची स्वतः उचलली आणि पुलाकाठी आपल्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवली.

"उद्या चहा इथे बसून घे, उभ्यानं नको. तुमच्याकडे टँकर कसा येतो, कोण आधी भरतं, भांडणं कशी होतात, सगळं सांग मला."

दुसऱ्या दिवशी मी सांगायला लागलो. नऊ वाजून गेले, पंप सुरू करायचा राहिला, आणि काका विचारत होते, "मग? पुढे?"