पब्लिकच्या विरुद्ध सावंत

मॅच सुरू व्हायच्या आधी सावंत टीव्हीकडे बघायचाच नाही. आमच्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि मालवणीत विचारायचा, "पब्लिक खंय आसा?" पब्लिक कुठल्या बाजूला, एवढंच त्याला हवं असे. आम्ही ज्या टीमच्या नावाने हात वर करू, तिच्या विरुद्ध त्याची पैज. खेळाडूंची नावं त्याला शेवटपर्यंत आली नाहीत. "तो निळ्या चड्डीतलो" एवढ्यावर भागायचं.

जोगेश्वरीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी आम्ही रिटायर्ड मंडळी विलायती क्लबांचा फुटबॉल बघायचो. पैज पैशांची नव्हती. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यांना रविवारी दुपारी घरी जेवू घालायचं. सावंत कायम एकटा पडायचा, त्यामुळे जेवण बहुतेक त्याच्याकडेच. मॅच बरोबरीत सुटली तर सावंत हरला असं धरायचं, हा नियमही त्यानेच सुचवलेला.

बाहेरही तेच. लिफ्टसमोर चार माणसं दिसली की हा गुडघे धरत जिन्याने वर. "गर्दीक अक्कल नसता," म्हणायचा. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर लेथ चालवलेला माणूस; धापा टाकतानाही ऐटीत.

मी बँकेतला. हिशेब समजावायला गेलो. "अरे, परदेशात लोक पब्लिकच्या विरुद्ध लावतात, कारण तिथे पडेल टीमला भाव जास्त मिळतो. कधीतरी जिंकले तरी मागचं सगळं भरून निघतं. इथे भाव कुठाय? तुझी नुसतीच वाट लागते!"

"असां?" तो म्हणाला. पुढच्या शनिवारी पुन्हा उलट्या बाजूला.

मी चिडलो. त्याला 'जुगारी' म्हणायला सोसायटीत मीच सुरुवात केली. बायको गेल्यापासून बिघडलाय, असंही वर जोडलं. लोकांनी ते उचललं. जेवायला मात्र सगळे जायचे. तो शब्द आज मला परत घ्यायचा आहे.

एका शनिवारी शेवटच्या मिनिटाला पडेल टीमने गोल केला. सावंत जिंकला! हॉलमध्ये एकच गलका.

"सावंता, झकास! उद्या तुला सुट्टी!"

"आता आम्ही तुला जेवायला घालणार. माझ्याकडे पाहुणे आहेत रे, ते जाऊ देत फक्त."

"माझ्याकडे दिवाळीनंतर ये. नक्की हां!"

"बरां," म्हणून सावंत जिन्याने वर गेला. त्या दिवशी लिफ्टपाशी कोणीच नव्हतं.

रविवारी दुपारी पेढे घेऊन मी त्याच्याकडे गेलो. दार सताड उघडं. सतरंजी अंथरलेली, सगळ्यांची ताटं मांडलेली. गॅसवर मोड आलेल्या काळ्या वाटाण्यांची उसळ. मोड काही एका रात्रीत येत नाहीत. मॅचच्या कितीतरी आधी त्याने वाटाणे भिजत घातले होते.

"अरे, तू जिंकलास ना?"

"होय रे," तो म्हणाला. "जिंकलंय."

पेढ्यांचा पुडा मी सतरंजीवर ठेवला आणि एका ताटावर बसलो. त्याने आंबोळी वाढली, मग न विचारता दुसरी. बाकीची ताटं तशीच.

मग उसळीच्या पातेल्याकडे बघत तो म्हणाला, "जोशा, तुका त्यातला कळता. पुढच्या शनवारी सगळ्यात पडेल टीम खंयची रे?"

मी सांगितली.