हकीमचाचांची वाकडी झाडं

अमरावतीत भर दुपारी सगळं गाव दारं लावून पडलेलं असताना हकीमचाचा आपल्या परसात झाडांची विचारपूस करत फिरायचे. कडुनिंबाची गुडघ्याएवढी रोपं, सगळी वाकडी, आणि प्रत्येकाला तुराटीचा आधार देऊन मलमलीची पट्टी बांधलेली. चाचा एकेका रोपापुढे उकिडवे बसायचे आणि हळूच विचारायचे, "दुखते का रे?" मग कान देऊन थांबायचे. कधी मान हलवायचे. कुंपणाबाहेरून हे पाहिलेला माणूस पुन्हा त्या वाटेनं जात नसे.

चाचा माणसांचे जीव झाडांत बांधतात, अशी गावात बोलवा होती. खरं काय ते जाणणारे एकेक करून गेले. मी उरलो आहे, म्हणून लिहितो. त्यांतलं एक झाड माझं होतं.

ती अमेरिकेतल्या लढाईची वर्षं. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. मी अडतीवर मालाची देखरेख करायचो. गाडीवर गठाण चढवताना घसरलो आणि जुवावर आपटलो, ते नेमका नको तिथं. दुखणं गेलंसं वाटलं. पण काही महिन्यांनी लिंगात एक कडक गाठ हाताला लागली. पुढं ते ताठलं की एका बाजूला वाकायचं आणि कळ यायची. मी भर तारुण्यात होतो. कामाचं निमित्त करून अडतीवरच झोपू लागलो. माझी बायको गोदा आधी रडली, मग बोलायची थांबली, आणि शेवटी तिनं अकोल्याला भावाकडं निरोप धाडला, सुगी संपली की न्यायला या.

एका वैदूनं वजन टांगायला सांगितलं, दुसऱ्यानं सुरीच काढून दाखवली. मी तिथून निघालो तो थेट चाचांच्या दारात.

चाचांनी गाठ चाचपली आणि एक वाळकी वाकडी काडी माझ्या हातात दिली. "सरळ कर."

केली. मोडली.

"समजलं? सुरी नाही, झटका नाही. शेक, तेल, हलका ताण. आन् सबर. जल्दी काय, बैल पळून राहिले का?"

हे त्यांचं पालुपद. जेवताना, नमाजाला निघताना, कोणाच्या लग्नातसुद्धा, बैल पळून राहिले का.

औषधाबरोबर रोप आलंच. रोग्यानं बांधावरून वाकडं रोप आणून त्यांच्या परसात लावायचं. दर शुक्रवारी पट्टी सोडायची आणि साल दुखणार नाही इतकीच घट्ट पुन्हा बांधायची.

"हे काहून, चाचा?"

"तुमी लोकं घडीघडी धोतर सोडून पाहता, बापू. तुयं पाहणं मले इथं पाहिजे. झाडाले पाह्य."

एकदा मला धीर निघेना. घरी कोणी नसताना मीच जोर लावून पाहिला. कळ मस्तकात गेली. त्याच दुपारी चाचा अडतीच्या दारात उभे.

"काय केलं बापू?"

"काही नाही."

"झूठ. चाल."

परसात माझं रोप मातीला टेकलं होतं. वारा नव्हता. तुराटीवर पट्टीची गाठ जशीच्या तशी होती, फक्त तिच्यात रोप नव्हतं. मला त्याचा उलगडा आजही झालेला नाही. हात मात्र पुन्हा लावला नाही.

रोप बांधता बांधता चाचांनी विचारलं, "बायकोले सांगतलं?"

"नाही."

"मंग अर्धीच दवा घेऊन राहिला तू." त्यांनी परसाच्या मध्याकडं बोट दाखवलं. तिथं एक जुनं, दांडगं झाड होतं. खोड कमानीसारखं वाकलेलं, तरी त्याला ताजी पट्टी. "त्या माणसानं घरी सांगतलंच नाही. लाजला. बायकोनं वाट पाह्यली, मंग गेली माहेरी. तिकडंच खपली."

तो माणूस कोण, हे मी विचारलं नाही. चाचांच्या चुलीवर एकाच माणसाचं भांडं असायचं.

मी घरी जाऊन गोदाला सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? मले वाटलं, तुमाले कोणी भेटली." आणि तेल गरम करायला उठली. अकोल्याहून गाडी घेऊन आलेला तिचा भाऊ पुरणपोळी खाऊन रिकामा परतला. कळ हळूहळू गेली, गाठ मऊ झाली. थोडा बाक राहिला. चाचा म्हणाले, "राहू दे. संसार सरळ झाला ना?"

पुढच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. आमच्या आळीतली मुलं गेली आणि लोकांना ती झाडं आठवली. हिंदू, मुसलमान, सगळेच चाचांच्या दारात जमले. बांधलेले जीव सोड, नाहीतर गाव सोड. त्या गर्दीत मी होतो. माझ्यासारखे पुष्कळ होते. ज्याला खरं माहीत होतं, त्याला ते कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं. कोणी तोंड उघडलं नाही.

चाचांनी आम्हा एकेकाकडं पाहिलं. एक नाव घेतलं असतं तर ते सुटले असते. त्यांनी बोचकं उचललं आणि दारात थांबून कोणाकडंही न पाहता म्हणाले, "पाणी देत जा." मग बडनेऱ्याच्या रस्त्यानं गेले. पुन्हा दिसले नाहीत.

पटकी ओसरली. झाडं मात्र त्या कडक उन्हातही हिरवी राहिली. तिथं भूत पाणी घालतं, असं गाव अजून म्हणतं. भूत नव्हतं. भर दुपारी मी घागर घेऊन जायचो. कुंपणाच्या पलीकडून दुसरा कोणी घागर घेऊन यायचा, मला पाहून तोंड फिरवायचा. मीही फिरवायचो.

मी आधी मधल्या झाडाकडं जायचो. त्याची माती दरवेळी अगोदरच ओली असायची.