त्रिकोणातला कुलदेव

नकाशा वाचायला नजर लागते मंडळी, आणि ती मला उपजत आहे! हे वाक्य मी बोललो तेव्हा समोर आवडाआत्या बसलेली होती. तिथंच चुकलं.

पुंडलिकनगरच्या आमच्या घरात त्या दिवशी ताण होता. पुतण्या विश्वजीतचं लग्न होऊन आठ दिवस झालेले. नवी सून प्रेरणा पुण्यात इंजिनीअर, तिची रजा सोमवारी संपणार. आणि आत्या सोफ्यावर चेकपोस्टसारखी आडवी.

"कुलदेवाच्या मूळ ठाण्यावर जोडीनं नारळ फोडल्याबिगर संसार मांडायचा नाय. म्हंजे नाय!"

"पण आत्या, ठाणं आहे कुठं?"

"पिंपळवाडीच्या माळावर. उघड्यावर दगडाचा देव हाय. सात वर्षांची असताना गेले होते, गावाहून बैलगाडीनं."

"कोणती पिंपळवाडी?"

"पिंपळवाडी म्हंजे पिंपळवाडी!"

मग मी ते नजरेचं वाक्य बोललो आणि लॅपटॉप उघडला.

शोध: पिंपळवाडी
निकाल: ४१

इंटरनेटवर जगभरच्या गावांच्या नावांचा एक साठा आहे, कुणीही भर घालावी असा. नाव टाका, अक्षांश-रेखांश घ्या, त्यावरून त्या भागाचा टोपो नकाशा उतरवा. त्यात डोंगर, ओढे, विहिरी, देवळं, सगळं असतं. सोपं! फक्त पिंपळवाड्या कुणीतरी पोह्यांवरच्या कोथिंबिरीसारख्या भुरभुरल्या आहेत.

"आत्या, वाटेत नदी होती?"

"व्हती की."

निकाल: १९

"डोंगर?"

"त्यो बी व्हता."

निकाल: १२

"गाडी किती वेळ चालली?"

"बैलं आमच्या गड्याची, कडूबाची. त्यांच्या मनाला यील तशी चालायची."

निकाल: १२. तेच बारा.

"आजी," प्रेरणानं हळूच विचारलं, "सकाळी निघालात तेव्हा ऊन तोंडावर होतं की पाठीवर?"

"तोंडावर! माझ्या आईनं पदर धरला होता ना."

म्हणजे गाडी पूर्वेला गेली.

निकाल: १

"सापडलं!" मी ओरडलो. श्रेय वाटून घ्यायला वेळ नव्हता.

टोपो नकाशा उघडला. तपकिरी रेषाच रेषा, जणू शेवयांचं ताट उलटलंय. आणि माळाच्या माथ्यावर एक छोटा त्रिकोण! त्रिकोणात ठिपका!

"शिखर! हे देवळाचं शिखर आणि आत देव!"

"पण आजी तर उघड्यावर म्हणते," विश्वजीत म्हणाला.

"लोकांनी नंतर बांधलं असेल!"

"काका, तो त्रिकोण म्हणजे..." प्रेरणा पुढं सरकली.

मी हात वर केला. "सूनबाई, नजर लागते."

शनिवार. जीप माळाखाली थांबली. आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे तिच्याहून थोरले. तिला खुर्चीत बसवून, जीपच्या ड्रायव्हरसह आम्ही चौघांनी वर चढवलं. माथ्यावर देऊळ नव्हतं. एक दगड होता.

"बघा! उघड्यावरच!" मी म्हणालो. माझं दोन्हीकडून बरोबर असतं.

दगड चौकोनी, वर बाण कोरलेला. आत्यानं बाणावरून बोट फिरवलं. "देवाचं हत्यार! व्हय रे, ह्योच!" ती रडली. आम्ही सगळे रडलो. तेल झालं, शेंदूर झाला, जोडीनं नारळ फुटला. भरात येऊन मी तिथल्या तिथं फोनवरून त्या साठ्यात नवी नोंद टाकली: कुलदैवत, अतिप्राचीन.

सगळे खाली पुरणपोळ्यांकडे गेले. आत्याची खुर्ची खाली पोचवून मी एकटा परत वर आलो, कृतार्थ. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक बाई आली.

"काय चाललंय, दादा?"

"आमचा कुलदेव, मावशी."

"ह्यो? ह्यो तर मोजणीवाल्यांनी बसवला! माझ्या सासऱ्यानं सिमेंट कालवलं होतं." तिनं दगडाला थोपटलं. "देव पल्याडल्या पिंपळवाडीला हाय."

खालून आत्याचं हसू ऐकू येत होतं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"मावशी, पुरणपोळी खाता?"

"दोन द्या," ती म्हणाली. फार समजूतदार बाई!

सोमवारी जोडी पुण्याला गेली. माझी झोप गेली ती वेगळीच. आठवड्यानं ती नोंद पुसायला बसलो, तर साठा म्हणाला: ही नोंद सात जणांनी पडताळली आहे. पुसता येणार नाही. तोवर आडनावबंधूंच्या ग्रुपवर फोटो यायला लागले होते. शेंदूर इतका चढला होता की बाण दिसत नव्हता. वर पत्र्याची शेड आली, घंटा आली. आत्यानं तर फोनच केला: "आरं, फोनातल्या नकाशात बी देऊळ दावतंय आता! तू म्हणलाच होतास!"

तेव्हा मी त्या टोपो नकाशाच्या तळाशी पहिल्यांदा बघितलं.

खुणांची सूची
त्रिकोण, आत ठिपका: मोजणीचा दगड
देऊळ: वेगळीच खूण. आमच्या माळावर कुठंही नाही.

न राहवून मी प्रेरणाला फोन केला आणि सगळं ओकलो.

"माहितीय काका. तो त्रिकोण आम्हाला सिव्हिल इंजिनीअरिंगला पहिल्याच वर्षी शिकवतात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते. तुम्ही हात वर केलात."

"माळावर तरी बोलायचं!"

"रजा सोमवारी संपत होती ना. शिवाय आजी इतक्या खूश होत्या. आणि काका, ती नोंद पडताळणाऱ्या सात जणांत पहिली मीच आहे. आजींनी शंका काढली असती तर?"

फोन कानाला तसाच ठेवून मी दुसरा हात वर केला. या वेळी शरण आल्याचा!